मुन्शीच्या घरची ज्वारी

बेंबळीत महांतप्पाला नावानं हाक मारणारं माणूस उरलं नव्हतं. लहानथोर सगळे त्याला मुन्शीअप्पा म्हणत. त्याच्या आज्यानं बैलाच्या पाठीवर करडईचं तेल घालून बाजार केले. बापानं गावात दुकान मांडलं, दुकानाच्या जिवावर आठ एकर काळं रान घेतलं, आणि दुकान चांगलं चाललेलं असताना एकुलत्या एका पोराला धाराशिवला मौलवीच्या हाताखाली उर्दू शिकायला ठेवलं. लोक हसले. तेव्हा बाप म्हणाला, "तराजू कुनीबी धरंल. घरात सरकारची जबान आली की ज्वारी आपल्या पायानं चालत येती."

आणि ज्वारी खरंच चालत आली. बाप गेल्यावर महांतप्पानं दुकान मोडलं, रान गावातल्या लिंबाजीला अर्धेलीनं, निम्म्या पिकाच्या बोलीवर, लावून दिलं आणि स्वतः ओसरीवर सतरंजी टाकून बसला. बांधाची तक्रार असो, तगाई असो, नाहीतर पळालेल्या सुनेचा दावा असो, कचेरीत जायचं ते उर्दूत जायचं, आणि आसपासच्या बारा गावांत असं सुबक उर्दू लिहिणारा हात त्याचाच होता. लिहिणावळ रोकड कुणी देत नसे. कुणी पायलीनं ज्वारी ओती, कुणी गुळाची ढेप आणून ठेवी. नागम्मा अक्कलकोटकडून लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं कणगीचा तळ कधी पाहिला नव्हता. कपाळाला विभूती लावून, रुमाल बांधून नवरा ओसरीवर बसला की आतून सुपारी कातरून पाठवायची, एवढाच तिचा त्या मिळकतीशी संबंध. एकुलती लेक शांताक्का अक्कलकोटलाच दिली होती. दोघांपुरतं घर, आणि घरात काही कमी नव्हतं.

भादव्यात हिंदुस्थानच्या फौजा आल्या आणि चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य गेलं. त्याच्या आधी दोन महिने निम्मं गाव रझाकारांच्या धास्तीनं सोलापूरच्या हद्दीत पळालं होतं. लिंबाजीही बायकापोरं घेऊन गेला होता. तो माघारी येऊन तिफण धरीपर्यंत रानातली ओल उडून गेली आणि आठातलं साडेचार एकर तसंच पडलं. पण त्याचं तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. चावडीवर झेंडा लागला त्या दिवशी महांतप्पानं शेरभर साखर वाटली. त्याला मनापासून आनंद झाला होता. रझाकारांनी त्याच्याकडूनही धान्य नेलं होतं, आणि ओसरीवर येऊन सतरंजीवर जोड्यानिशी बसले होते.

कार्तिकात एका दुपारी गोरोबा आला. त्याचा थोरल्या भावाशी बांधावरून वाद होता, आणि त्याचा अर्ज महांतप्पानं श्रावणातच लिहून दिला होता. गोरोबा नेहमीसारखा वर आला नाही. पायरीखाली उभा राहून त्यानं मुंडाशातून घडी केलेला कागद काढला.

"अप्पा, ह्यो माघारी दिला."

"का? स्टांपाचं तिकीट कमी पडलं?"

"न्हाय. ह्ये चालत न्हाय म्हनले आता. मराठीत आना म्हनले."

"कोन म्हनलं?"

"नवा कारकून हाय. सोलापूरकडला असंल."

महांतप्पा हसला. "अरं, एवढ्यात जबान बदलती व्हय? समदं दफ्तर उर्दूत हाय. चार महिन्यांत येत्याल ठिकाणावर. तवर दम धर."

"धरला असता," गोरोबा म्हणाला, "पर भावानं बांध नांगरला की." तो जायला वळला आणि पुन्हा थांबला. खाली बघत म्हणाला, "ती पायलीभर ज्वारी राहू द्या तुमाला. म्या काय मागत न्हाय."

ज्वारी परत द्यायची असते, हे महांतप्पाच्या मनातही आलं नव्हतं. गोरोबा गेल्यावर तो कितीतरी वेळ तो कागद हातात धरून बसला. अक्षर सुरेख होतं. एकही डाग नव्हता.

त्यानंतर कार्तिक सरला, मार्गशीर्ष गेला, आणि पायरीवर जोडे दिसायचे बंद झाले. गावातला सोलापूरला शिकून आलेला एक पोरगा चावडीवर बसून मराठीत अर्ज लिहून देऊ लागला होता. महांतप्पा रोज आंघोळ, लिंगपूजा आटोपून, रुमाल बांधून सतरंजीवर येऊन बसे. नागम्मा सुपारी पाठवी. दोघंही त्याबद्दल बोलत नव्हती.

पौषात तो धाराशिवला गेला. आधी कुणाच्या ना कुणाच्या छकड्यातून जायचा. मुन्शी म्हणून माणसं बोलावून बसवत. या वेळी पहाटे निघून पायी गेला. कचेरीपुढच्या लिंबाखाली अर्ज लिहिणारांच्या बसण्याच्या जागा ठरलेल्या होत्या. कचेरीच्या कामाला आला की महांतप्पाही तिथंच बसे, आणि त्याच्या शेजारी वीस वर्षं महेबूबसाब बसायचा. दोघं एकाच मौलवीच्या हाताखाली शिकलेले. महेबूबसाबची जागा मोकळी होती. तिथं आता पानवाल्यानं पानांच्या पाट्या ठेवल्या होत्या. महांतप्पानं पानवाल्याला विचारलं, "महेबूबसाब न्हाय आला?" पानवाला पान पुसत राहिला. थोड्या वेळानं म्हणाला, "भादव्यापासनं कुनी बगितलं न्हाय त्यास्नी." आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला. महांतप्पानं पुढं विचारलं नाही.

आत नवा कारकून होता. चष्मा, काळी टोपी, पंचविशीचा. महांतप्पानं हात जोडले आणि सांगितलं, "तीस साल मी ह्या कचेरीचे कागद लिहितोय. मला मराठीबी येतं. मला बसू द्या."

"बसायला कोण नको म्हणतंय? बाहेर झाडाखाली बसा की," कारकून म्हणाला. "पण अर्ज मराठीत पाहिजे. येतो ना लिहायला? दाखवा बरं."

त्यानं एक कोरा कागद पुढं सरकवला. महांतप्पा उभ्यानंच टेबलाच्या कडेला वाकला. हात सवयीनं कागदाच्या उजव्या कडेला गेला. तो थांबला, हात डावीकडं आणला. बाळबोध अक्षर त्यानं शेवटचं कधी काढलं होतं ते त्याला आठवत नव्हतं. दोन ओळी झाल्या तशी कारकुनानं कागद ओढून घेतला आणि मोठ्यानं वाचला.

"'बखिदमत जनाब तहसीलदार साहेब, फिदवीची मारूज अशी की…' काका, ही मराठी आहे?"

पलीकडच्या टेबलावरचे दोघं हसले.

"फिदवी म्हणजे काय?"

"म्हंजी… अर्जदार."

"मग अर्जदारच लिहावं ना. आणि अक्षरांवर रेघ द्या. नुसती लोंबकळतायत." त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती, घाई होती. त्यानं महांतप्पाकडं नीट पाहिलं. "वय काय तुमचं?"

"पन्नाशी वलांडली."

"मग कशाला ह्या वयात त्रास घेता? घरी शेती असेल?"

"हाय. आठ एकर."

"मग झालं तर!" कारकून म्हणाला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

येताना महांतप्पानं बाजारातून अंकलिपी आणि दगडी पाटी घेतली. ती रुमालात गुंडाळून आणली. पुढं महिनाभर तो मागच्या पडवीत बसून अक्षरं गिरवी. रेघ आधी मारायची की नंतर, हे त्याला कळत नसे. आधी मारली तर अक्षर तिच्यातून खाली घसरे. नागम्मा भांडी घासायला मागं आली की तो पाटी मांडीखाली सरकवी. तिनं मग भांडी पुढच्या दारी घासायला सुरुवात केली.

माघात साडेतीन एकरांची ज्वारी काढणीला आली. गेल्या मोसमात ती छातीला लागत होती, यंदा कमरेएवढी. लिंबाजी आणि त्याची बायको सत्यभामा दोघंच काढत होते. खळं झालं, आणि खळं झाल्यावर तिसऱ्या दिवशी लिंबाजी घरी आला. तो चाळिशीचा, उंच, वाकून चालणारा माणूस. बारा वर्षं तो हे रान कसत होता. नांगर त्याचा, बैल त्याचे, बी त्याचं. त्यानं मळक्या फडक्यात बांधलेला कागद सतरंजीवर ठेवला.

"अप्पा, ह्यो तेवढा वाचून द्या."

"काय हाय?"

"तुमीच लिवलेला. चार सालांमागं अंगठा घेतला व्हता न्हाय का, बटईचा, अर्धेलीचा कागद म्हून? परवा गावात पुढारी येऊन गेले. कसणाऱ्याला आता रानावरनं काढता येनार न्हाय म्हनले. कागद असंल तर कचेरीत दावा म्हनले. म्या दावला. तितल्या कारकुनाला वाचता येईना. म्हनला, ज्यानं लिवला त्याच्याकडनं मराठीत करून आन."

महांतप्पानं कागद उघडला नाही. त्यात काय आहे हे त्याला पाठ होतं. चार वर्षांमागं कुळाला हक्क देणारा काही कायदा येतोय हे त्यानं कचेरीत ऐकलं होतं. घरी येऊन त्यानं शांतपणे एक कागद लिहिला होता आणि लिंबाजीला बोलावून अंगठा घेतला होता. लिंबाजीनं विचारलंही नव्हतं. अंगठ्याची शाई धोतराला पुसून तो लगेच औताकडं गेला होता.

"ठिव. उद्या वाचतो," महांतप्पा म्हणाला. "आज डोळा दुखतोय."

लिंबाजी गेल्यावर त्यानं कागद उघडून पाहिला, पुन्हा घडी केली, पुन्हा उघडला. नागम्मा दारात येऊन उभी राहिली.

"काय लिवलंय त्यात?"

"तुला काय करायचंय?"

"तुमचं तोंड उतरलंय म्हून इचारलं."

"रान आपलंच हाय, असं लिवलंय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी लिंबाजी एकटा आला नाही, गोरोबाला घेऊन आला. दोघं पायरीवर बसले. महांतप्पानं कागद उजेडाला धरला. रात्रभर त्यानं विचार केला होता. दोन शब्द बदलून वाचले तर इथं कुणाला कळणार नव्हतं. बटईदार म्हटलं की लिंबाजी बटईदार होणार होता. मग ते रान लिंबाजीचं. आणि उद्या आपण काय खायचं? झाडाखालची जागा गेली, ओसरीवरची गेली, आता हे आठ एकर.

त्यानं वाचायला सुरुवात केली. वाचताना त्याचा आवाज आपोआप चढला, ठसठशीत झाला, आधी कचेरीत व्हायचा तसा. "मुसम्मी लिंबाजी वल्द राणोजी, बहैसियत मुलाजिम, सालाना उजरत पर…"

"मुलाजिम म्हंजी?" लिंबाजीनं मधेच विचारलं. हा एक शब्द त्यानं ऐकलेला होता. पोलीस-पाटलाच्या तोंडी तो असायचा.

"म्हंजी… सालगडी."

"कोन सालगडी?"

महांतप्पा पुढं वाचू लागला. लिंबाजीनं हात वर केला.

"थांबा जरा. म्या सालगडी? अप्पा, सालगड्याचे सोताचे बैल असत्यात व्हय? बी सालगडी आनतो?"

महांतप्पानं कागद मांडीवर ठेवला.

"खोटं तर वाचलं न्हाय ना?" लिंबाजीनं विचारलं.

"न्हाय. जे हाय तेच वाचलं."

"मग लिवलं कुनी?"

गोरोबा खाकरला आणि दुसरीकडं बघू लागला. रस्त्यानं कुणाची तरी शेळी ओरडत गेली. लिंबाजी उठला. त्याला राग आल्यासारखा दिसत नव्हता. खूप उन्हातून आलेल्या माणसासारखा तो नुसता ओठ चाटत होता.

"बरं झालं, वाचून दावलं," तो म्हणाला.

त्याच संध्याकाळी त्यानं खळ्यावरची ज्वारी मापली. बरोबर निम्मी. ओंजळभरही कमी नाही. पोती स्वतःच्या पाठीवरून आणून ओसरीवर टाकली आणि सतरंजी वर न करता तिच्यावरच टाकली.

"सालगडी सुटला आजपासनं," म्हणाला. "दुसरा बगा."

दुसरा मिळाला नाही. महांतप्पा घरोघर फिरला. गोरोबाकडं गेला, महारवाड्याच्या वेशीपर्यंत गेला, दुसऱ्याचं रान कसणाऱ्या बलभीमच्या वस्तीवर गेला. सगळ्यांनी बसायला घोंगडं टाकलं, पाणी दिलं. बलभीम म्हणाला, "रान चांगलं हाय अप्पा. पर कागद करावा लागंल न्हाय का?" गावात ज्याच्या ज्याच्या घरात महांतप्पाच्या हातचा कागद होता त्यानं तो बाहेर काढला होता. काहीजण धाराशिवला जाऊन दुसऱ्या कुणाकडून वाचून आणत होते. बाकी कागद सगळे खरे होते. पण लोक वाचून घेत होते.

चैत्रात नागम्मानं कणगीत हात घातला तेव्हा बोटं तळाच्या शेणाला लागली. लिंबाजीनं टाकलेली पोती सरकारी साऱ्यात आणि उधारीत संपली होती, म्हैस आधीच बाजारात गेली होती. तिनं चार दिवस कण्या शिजवल्या. नवरा ताटावर बसला की ती म्हणे, "मला आज भूक न्हाय." पाचव्या दिवशी तोही म्हणाला, "मलाबी न्हाय." आणि कण्यांचं भांडं दोघांच्या मधे तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर ती मागच्या दारानं बाहेर पडली. ईरण्णाच्या अडतीच्या आवारात बियाण्यासाठी भुईमुगाच्या शेंगा फोडायचं काम सुरू झालं होतं. ईरण्णा त्यांच्याच जातीतला. त्याचा बाप महांतप्पाच्या बापाच्या दुकानात पोती उचलायचा. नागम्मा डोक्यावरून पदर पुढं ओढून आवाराच्या फाटकात उभी राहिली. ईरण्णाच्या लक्षात यायला वेळ लागला. आलं तसा तो गादीवरून उठून चपला न घालताच बाहेर आला.

"नागम्माक्का? काय पायजे? निरोप द्यायचा, मी आलो असतो."

"शेंगा फोडायला बाया लागत्यात म्हनं."

ईरण्णानं मागं वळून बायांकडं पाहिलं. मग हळूच म्हणाला, "घरी पाठवू का पोतं? घरीच बसून फोडा. कुनाला कळायचं न्हाय."

तिनं क्षणभर विचार केला. घरी म्हणजे नवऱ्याच्या डोळ्यांपुढं.

"नगं. हितंच बसते."

आवारात पत्र्याच्या सावलीला पंधरा-वीस बाया ओळीनं बसल्या होत्या. प्रत्येकीपुढं शेंगांचा ढीग, एका बाजूला दाण्यांचं सूप, दुसऱ्या बाजूला टरफलं. फोलपटाची धूळ उन्हात तरंगत होती. बोलणं एकदम थांबलं. नागम्माला ओळीत एकच जागा मोकळी दिसली, आणि ती बसली तेव्हा तिला कळलं की शेजारी सत्यभामा आहे. लिंबाजीची बायको. रान सुटल्यावर लिंबाजी बैल घेऊन तुळजापूरकडं सडकेच्या खडीवर गाडी हाकायला गेला होता, आणि ही इथं आली होती.

सत्यभामानं मान वळवून पाहिलं नाही. आपला ढीग वीतभर पलीकडं ओढून घेतला आणि फोडत राहिली.

बियाण्याची शेंग आपटून, दगडानं ठेचून चालत नाही. दाणा फुटला की तो उगवत नाही. अंगठा आणि बोट यांच्यात धरून टोकाला दाबायची, कट् झालं की उघडायची. पहिल्या दिवशी नागम्माच्या अंगठ्याची कड सोलली. संध्याकाळी मापाड्यानं तिचे दाणे मापले आणि ओंजळ-दीड ओंजळ ज्वारी तिच्या पदरात ओतली. तिनं पदर पोटाशी धरला आणि मागच्या गल्लीनं घरी आली. महांतप्पा ओसरीवर बसला होता. रात्री ताटात भाकरी आली. तो भाकरीकडं बघत राहिला, मग मोडून खाल्ली. ज्वारी कुठून आली हे त्यानं विचारलं नाही. पुढं महिनाभर विचारलं नाही. ती जायच्या वेळेला तो पुढच्या ओसरीवर जाऊन रस्त्याकडं तोंड करून बसे, आणि ती यायच्या वेळेला लिंगपूजेला बसे.

वैशाख लागला तेव्हा अक्कलकोटहून निरोप आला. शांताक्काला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी. तेव्हा चांगला दिवस बघून तिला न्यायला या, सासरे आणून सोडतील म्हणाल तर तसं कळवा.

निरोप घेऊन आलेल्या माणसाला नागम्मानं गूळ-पाणी दिलं. गुळाचा खडा सुपारीएवढा होता. तो माणूस ओसरीवर बसला असताना ती आत आली. महांतप्पा पडवीत उभा होता.

"काय करायचं?" तिनं विचारलं.

"आनायची."

"आनून काय घालायचं तिला? डिंक-खारकेचं ऱ्हाऊ द्या. दूध तरी? मी दिवसभर तिकडं, पोरगी हितं एकटी…" 'तिकडं' हा शब्द पहिल्यांदाच त्यांच्यात उच्चारला गेला. ती थांबली. "तिच्या सासूला कळलं तर तिला जल्मभर आयकवत्याल."

महांतप्पानं कागद काढला. निरोप तोंडी द्यावा असं त्याला वाटेना. तोंडी सांगताना त्याचा आवाज फुटला असता. पाटीवर गिरवलेलं सगळं त्यानं कामाला लावलं. आधी अक्षर, मग रेघ. फिदवी नाही, मारूज नाही. 'घरी दोघांस हिवतापाची साथ आहे. सबब मुलीस तिकडेच ठेवावे. रागावू नये.' सगळं नीट, रेघेखाली आलं. एकही चूक नसलेली मराठी त्यानं आयुष्यात पहिल्यांदा लिहिली होती. त्यानं ती नागम्माला वाचून दाखवली. ती पदर तोंडात धरून चुलीकडं गेली.

चार दिवसांनी तिच्या उजव्या अंगठ्यात काटकं घुसलं. टरफलाचं, नखाच्या आत. तिनं सुईनं काढलं, हळद-तेल लावलं, फडकं बांधून दोन दिवस तशीच फोडत राहिली. तिसऱ्या दिवशी अंगठा वांग्यासारखा झाला. काखेत गोळा आला, अंगात ताप भरला. सकाळी ती उठायला लागली आणि भिंत धरून खाली बसली.

"आज नगं जाऊस," महांतप्पा म्हणाला.

"न्हाय गेले तर जागा जाती. फाटकात चार बाया रोज उभ्या असत्यात." तिनं पुन्हा उठायचा प्रयत्न केला. "आजच्यापुरतं हात कसाबी चालवीन."

त्यानं तिच्या हाताकडं पाहिलं. फडक्यातून पिवळं झिरपत होतं. त्यानं तिला खांद्याला धरून वाकळेवर निजवलं, पाण्याचा तांब्या उशाशी ठेवला. मग रुमाल बांधायला हातात घेतला आणि पुन्हा खुंटीला अडकवला. उघड्या डोक्यानंच बाहेर पडला. मागच्या गल्लीनं नाही, पेठेतून. पेठेत चार माणसं बसली होती. कुणी "शरणु अप्पा" म्हणालं. त्यानं मान हलवली.

आवारात बाया बसल्या होत्या. ईरण्णा गादीवरून बघत राहिला.

"अप्पा, तुमी? बसा की वर."

"नागम्माला ताप हाय," महांतप्पा म्हणाला. "तिच्या जागी आलो."

"अवो, पर हितं बायाच…" ईरण्णा म्हणाला. फाटकात उभ्या असलेल्या बायांतली एक पुढं सरकत म्हणाली, "मालक, ती जागा मोकळी हाय तर मी बसते की." तेव्हा महांतप्पा घाईनं पुढं गेला आणि त्या जागेवर बसला. मांडी घालून, जसा ओसरीवर बसायचा तसा. पलीकडच्या बाईनं पदर ओढून अंग चोरलं. अलीकडं सत्यभामा होती.

त्यानं शेंग उचलली आणि दाबली. शेंग फुटेना. दोन्ही हातांनी दाबली तशी ती फुटली आणि आतले दोन्ही दाणे चिरडून बोटाला लागले. दुसरी घेतली. तिचंही तेच झालं. ओळीतली एक तरणी पोर हसली आणि हसू गिळायला तोंडात पदर कोंबला. महांतप्पा खाली मान घालून एकामागून एक शेंग उचलत होता. घाम भुवईवरून डोळ्यात उतरत होता. दुपारपर्यंत सत्यभामाच्या सुपात ढीग झाला होता. त्याच्या सुपात तळ दिसत होता.

सत्यभामानं काम थांबवलं नाही. त्याच्याकडं बघितलंही नाही.

"टोकाला दाबा," ती समोर बघत म्हणाली. "पोटाला न्हाय."

त्यानं टोकाला दाबली. कट् झालं. दाणे अख्खे निघाले.

"सत्यभामा," तो म्हणाला, "तो कागद…"

"मला कायबी सांगू नगा," ती म्हणाली. "फोडा."

संध्याकाळी मापाडी सूप घेऊन आला. महांतप्पापुढं उकिडवा बसून त्यानं दाणे तळहातावर घेऊन पसरले, फुंकले, निवडले. अख्खे बाजूला काढले, ते जेमतेम मूठभर झाले. बाकी सगळे फुटके.

"ह्ये बियाण्याला चालायचे न्हाईत, अप्पा. ह्येची ज्वारी कशी घालू?" त्यानं गादीकडं पाहिलं. ईरण्णानं मान दुसरीकडं केली होती. "फुटके तुमीच न्या घरी. खायला हुत्याल." आणि मूठभर दाण्यांची चिमूटभर ज्वारी त्याच्या पुढ्यात टाकली.

महांतप्पानं धोतराच्या सोग्यात ज्वारी आणि फुटके दाणे दोन्ही बांधले. घरी आला तेव्हा उजेड अजून होता. नागम्मा वाकळेवर जागी होती, ताप उतरलेला नव्हता. त्यानं सोगा सोडून ते सगळं तिच्याजवळ सुपात ओतलं. तिनं डाव्या हाताची बोटं त्या दाण्यांतून फिरवली. किती थोडं आहे ते तिला न बघता कळलं.

"उद्याची जागा?" तिनं विचारलं.

"हाय म्हनला ईरण्णा."

"तुमच्या नावानं?"

"व्हय."

तिनं सूप उशाकडं ओढून घेतलं.

"मग पहाटेच जावा," म्हणाली. "उशीर झाला की बसवत न्हाईत."